फुलं कोरलेली ट्रायकोन: धातूच्या जुन्या हवाईयन गिटारकडे वळणाऱ्यांसाठी

हवाईयन गिटार शिकणाऱ्याला कधी ना कधी त्या गिटारचा फोटो दिसतोच. अंग सगळं धातूचं, चकचकीत, त्यावर फुलांच्या वेली कोरलेल्या, पुढच्या बाजूला नाजूक जाळी. त्यानंतर आपल्या लाकडी गिटारवर मन लागत नाही. शोधाशोध सुरू होते, किमती पाहून घाम फुटतो, आणि तरी शोध काही थांबत नाही. या अवस्थेत जे आहेत त्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं.

माझं मत आधीच सांगतो. नक्षीचा हिशेब वेगळा आणि आवाजाचा वेगळा. या गिटारचा आवाज आतल्या ॲल्युमिनियमच्या शंकूंमधून येतो. बाहेरची फुलं त्यात काडीची भर घालत नाहीत. पण बाजारात किंमत ठरते ती बरीचशी फुलांवरून. म्हणून डोळ्यांनी भाळावं, कानांनी घ्यावं.

आत नेमकं काय वाजतं

गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडा फिरवायची पद्धत हवाई बेटांवरची. ओआहू बेटावर वाढलेल्या जोसेफ केकुकु यांना तिचं श्रेय साधारणपणे दिलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या १९१५ च्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेडच लागलं. अडचण एकच होती. नाट्यगृहात वाद्यवृंदाच्या गदारोळात लाकडी गिटार ऐकूच जायची नाही, आणि विजेची गिटार अजून जन्माला यायची होती.

जॉर्ज बीचम हे रंगमंचावर हवाईयन गिटार वाजवणारे कलाकार. जॉन डोपेरा हे स्लोव्हाक कुटुंबातून लॉस एंजेलिसला आलेले वाद्यकारागीर. बीचमना मोठा आवाज हवा होता, डोपेरांनी तो काढून दाखवला. धातूच्या पेटीत कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमचे तीन शंकू, प्रत्येकी सुमारे सहा इंच व्यासाचे. त्या तिघांच्या माथ्यांवर टेकलेली इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची ॲल्युमिनियमची घोडी. आणि घोडीच्या खाचेत मेपल लाकडाची पट्टी, जिच्यावर तारा बसतात. तार छेडली की घोडी हलते, घोडीबरोबर तिन्ही शंकू हलतात, आणि आवाज जाळीतून बाहेर पडतो. तीन शंकूंची म्हणून ही ट्रायकोन. १९२७ मध्ये पेटंटचा अर्ज झाला, त्याच सुमारास गिटारी बाजारात आल्या, आणि नॅशनल स्ट्रिंग इन्स्ट्रुमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी उभी राहिली. धातूची अंगं ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ठोकली जात.

पुढची गोष्ट खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. याच बीचम आणि रिकनबॅकर यांनी १९३२ च्या सुमारास विजेची लॅप स्टील, म्हणजे मांडीवर ठेवून दांड्याने वाजवायची, गिटार बाजारात आणली, तव्यासारख्या गोल अंगामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेलेली. सोल होओपिई हे ट्रायकोनवरचे सर्वांत मोठे वादक, तेसुद्धा १९३० च्या दशकाच्या मध्यावर विजेच्या गिटारकडे वळले. म्हणजे नक्षीदार ट्रायकोनचा भर काळ जेमतेम सात-आठ वर्षांचा. त्यानंतर शेकडो गिटारी पेटीत बंद होऊन माळ्यावर गेल्या. त्यामुळे आजही अधूनमधून फारशी न वाजलेली, मूळ शंकू शाबूत असलेली गिटार बाहेर येते. तीच तुम्हाला हवी आहे.

पायरी पहिली: मान चौकोनी की गोल?

जुन्या नॅशनल गिटारी दोन प्रकारच्या मानेत येतात. गोल मान म्हणजे नेहमीसारखी हातात धरून बोटांनी वाजवायची. चौकोनी मान म्हणजे फक्त मांडीवर ठेवून दांड्याने वाजवायची. नक्षीदार ट्रायकोनमध्ये चौकोनी मान ही लाकडाची नसतेच. अंगाचाच धातू पुढे जाऊन पोकळ मान होते, म्हणजे आवाजाची पेटी थेट डोक्यापर्यंत पोचते. तारा पडद्यांपासून जवळपास सेंटिमीटरभर वर असतात, आणि पडदे खुणेपुरतेच.

हवाईयन वादनासाठी चौकोनी मानच घ्या. याला दोन कारणं आहेत. एक, वरच्या सुरात ताणलेल्या जाड तारांचा भार ती सहज पेलते. गोल मानेवर नट (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंचावून तेवढाच ताण दिला तर लाकूड वाकायची भीती राहते. दुसरं कारण खिशाचं. ब्लूज वाजवणाऱ्या मंडळींना गोल मान हवी असते, आणि त्या मुळात कमी बनल्या, म्हणून त्यांच्या किमती चढ्या. त्याच सालची, त्याच नक्षीची चौकोनी मानेची गिटार बरीच स्वस्त पडते. आपल्याला जे हवं तेच स्वस्त, असा योग जुन्या वाद्यांच्या बाजारात फारसा येत नाही.

या फरकामुळे एक उद्योगही चालतो. चौकोनी धातूची मान कापून तिथे लाकडाची गोल मान बसवतात आणि महाग विकतात. उलट दिशेनेही कधी कधी खेळ होतो. मान जिथे अंगाला मिळते तिथला, मागच्या बाजूचा फोटो मागा. कापल्याची, झाळल्याची खूण तिथेच दिसते.

पायरी दुसरी: नक्षी वाचायला शिका

मूळ ट्रायकोनच्या चार स्टाइल्स, आणि त्या फुलांवरून ओळखू येतात.

स्टाइल १ कोरी. फुलं नाहीत, वेल नाही.
स्टाइल २ वर रानगुलाब.
स्टाइल ३ वर लिली ऑफ द व्हॅली, म्हणजे देठाला ओळीने लोंबणाऱ्या घंटेच्या आकाराच्या बारीक कळ्या.
स्टाइल ४ वर शेवंती, आणि तीही भरगच्च.

त्या काळी कोऱ्या स्टाइल १ ची छापील किंमत १२५ डॉलर होती आणि शेवंतीवाल्या स्टाइल ४ ची १९५. आतले शंकू, घोडी, अंगाचा धातू, सगळं तेच. वरचे सत्तर डॉलर मुख्यतः कोरणाऱ्याच्या हाताचे. आजही चढण तशीच आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बेधडक स्टाइल १ किंवा २ सुचवतो. कोऱ्या स्टाइल १ ला संग्राहक विचारत नाहीत, आणि वाजवणाऱ्याला नेमकं तेच बरं.

जाता जाता एक गंमत. हवाईच्या नावाने खपलेल्या या गिटारींवर रानगुलाब, लिली आणि शेवंती आहे. हवाई बेटांचं म्हणावं असं एकही फूल नाही. हवाईचं दृश्य आलं ते एका शंकूच्या, स्वस्त स्टाइल ओ गिटारवर. तिथे माडाची झाडं, समुद्रकिनारा असा सगळा थाट. पण ते कोरलेलं नाही. वाळूचा मारा करून धातू खरवडलेला असतो, म्हणून ती चित्रं मॅट, पांढुरकी दिसतात. १९३६ नंतरच्या ट्रायकोन स्टाइल ३५ आणि ९७ वर रंगवलेली चित्रं असतात. ३५ वर वाद्य वाजवणारा जुन्या युरोपातला गवई, ९७ वर लाटेवर स्वार झालेली मुलगी. विक्रेते या सगळ्यांना सरसकट ‘एनग्रेव्ह्ड’, म्हणजे कोरलेली, लिहून मोकळे होतात. तुम्ही होऊ नका.

हाताने कोरलेली नक्षी ओळखायची साधी पद्धत: नखाने हलकेच रेष ओलांडा. कोरलेली रेष नखाला अडते. भिंगातून पाहिलं तर छिन्नीची सुरुवात आणि शेवट वेगळे दिसतात, आणि डावीकडचा गुलाब उजवीकडच्या गुलाबासारखा कधीच नसतो. एका मापाची, तंतोतंत जुळणारी फुलं दिसली तर सावध व्हा. कोऱ्या स्टाइल १ वर नंतर फुलं कोरून तिला वरच्या दर्जाची म्हणून खपवण्याचे प्रकार होतात. नव्या कोरीवकामाच्या कडा तीक्ष्ण आणि चकचकीत असतात, आणि खाचेत मुलामा नसतो. मूळ गिटारमध्ये आधी कोरीवकाम, मग मुलामा असा क्रम असल्यामुळे खाचेच्या तळाशीही निकेल असतं.

याच्या उलट दोष म्हणजे नव्याने मुलामा दिलेली गिटार. नवा मुलामा चढवायच्या आधी अंग घासून गुळगुळीत करतात. त्या घासण्यात फुलांच्या पाकळ्या बोथट होतात, आणि बारीक शिरा तर नाहीशाच होतात. फोटोत अशी गिटार सर्वांत देखणी दिसते. मला विचाराल तर ठिकठिकाणी मुलामा झिजलेली, पण पाकळ्या जाग्या असलेली गिटार केव्हाही बरी.

पायरी तिसरी: धातू कोणता?

चारही मूळ स्टाइल्स जर्मन सिल्व्हरच्या. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू. त्यात चांदी मुळीच नसते. वर निकेलचा पातळ मुलामा. एका शंकूच्या गिटारी पितळेच्या किंवा पोलादाच्या असतात. स्टाइल ओ आधी पोलादी होती, पुढे पितळी झाली. नॅशनलचीच एका शंकूची ड्युओलियन पोलादीच आणि वर रंग दिलेली.

ओळखायचं कसं? फ्रिजवर चिकटवतो तसलं साधं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून मागच्या बाजूला लावा. घट्ट चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं तर मुलामा झिजलेली जागा शोधा, बहुतेक वेळा ती मनगट टेकतं तिथे किंवा मागे सापडते. खालून गर्द पिवळा रंग दिसला तर पितळ, राखाडीकडे झुकणारी अगदी फिकी पिवळट झाक दिसली तर जर्मन सिल्व्हर. तपकिरी ठिपके म्हणजे गंज, आणि गंज म्हणजे पुन्हा पोलाद.

आवाजाबद्दल एवढंच सांगतो. एक शंकू ठणठणीत बोलतो आणि लवकर विझतो. तीन शंकूंचा आवाज थोडा कमी उसळतो, पण त्याला आस जास्त, आणि सुरावरून सुरावर घसरताना मधली वाट तुटत नाही. मींडीचा मोह असलेल्या आपल्या कानाला ट्रायकोन लगेच पटते.

पायरी चौथी: घेण्यापूर्वीची तपासणी

इथे घाई करायची नाही. शक्य असेल तर गिटार प्रत्यक्ष हातात घेऊनच घ्या. आपल्याकडे बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत असतंच. भाच्याला किंवा मैत्रिणीला दुकानात पाठवून पुढची यादी फोनवर वाचून दाखवायलाही हरकत नाही.

आधी ऐका. एकेक तार मोकळी छेडा, दांडा न लावता. सूर स्वच्छ निघून हळूहळू विरला पाहिजे. कुठे खरखर, झणझण आली तर लगेच शंकू फाटला असं समजू नका. क्रमाने शोधा. घोडीच्या पलीकडचा, टेलपीसकडचा (तारांची टोकं जिथे अडकवतात तिकडचा) तारांचा तुकडा बोटांनी दाबा. खरखर थांबली तर दोष तिथलाच, फेल्टचा तुकडा अडकवून काम भागतं. नटच्या मागचा तुकडा दाबा. खुंट्यांचे दाते ढिले आहेत का ते पाहा. कव्हरप्लेटचे, म्हणजे शंकूंवरच्या झाकणाचे, स्क्रू हाताने चाचपा. एवढं करूनही ठरावीक तारेवर, ठरावीक सुरालाच फाटका आवाज येत असेल तर मात्र शंकू किंवा घोडीत गडबड आहे.

मग आत डोकवा. विक्रेत्याकडे कव्हरप्लेट काढलेला फोटो मागा. चांगला विक्रेता कुरकुरत का होईना, देतो. जो देत नाही त्याची गिटार सोडा. ट्रायकोनमध्ये खर्जाच्या बाजूला दोन शंकू आणि तारसप्तकाच्या बाजूला एक, अशी रचना असते. तिन्ही शंकू एकाच जुनेपणाचे दिसतात का? कुठल्या शंकूची कड चेपली आहे का, माथा खचला आहे का? घोडी तडकलेली नाही ना? गिटारच्या पोटात वाळू, माती, मुंग्यांची घरं, काहीही निघू शकतं. ते साफ करता येतं, चेपलेला शंकू मात्र पूर्ववत होत नाही.

शंकू बदलता येतात, हे खरं. कॅलिफोर्नियात १९८९ पासून काम करणारी नॅशनल रेसो-फॉनिक ही कंपनी नवे शंकू बनवते, आणि ते चांगले असतात. पण मूळ शंकू असलेली गिटार आणि बदललेली गिटार यांच्या किमतीत फरक असलाच पाहिजे. बदललेले असतील तर जुने सोबत मागून घ्या, फुटके असले तरी.

आता बाहेरून. खिडकीजवळ गिटार तिरपी धरा म्हणजे आडव्या प्रकाशात पोचे दिसतात. कडेचे लहान पोचे चालतील. जाळीवरचा पोचा वाईट, कारण खालीच शंकू आहेत. अंगाच्या कडेने, जिथे वरचा-खालचा पत्रा झाळलेला असतो, ती शिवण पूर्ण फिरून तपासा. सुटलेली शिवण भिणभिणते. मान बाजूने, एक डोळा मिटून पाहा. धातूची मान सहसा वाकत नाही, पण कधीतरी आपटलेली असेल तर अंगाच्या सांध्याशी चुणी पडलेली दिसते. सीरियल नंबर डोक्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो, त्याचा स्पष्ट फोटो घ्या. नंबर घासलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

मागची बाजू झिजलेली असेल तर घाबरू नका. ही गिटार मांडीवर बसते, त्यामुळे कोरणाऱ्याने जीव ओतून मागे काढलेली फुलं वाजवताना कोणालाच दिसत नाहीत. ती फक्त पँटला घासत राहतात. मागची झीज म्हणजे गिटार वाजली आहे याचा पुरावा. मला तर ती आवडते.

पायरी पाचवी: आणायची कशी

भारतात जुनी नॅशनल सहजासहजी मिळत नाही, बाहेरूनच मागवावी लागते. तारांची वाद्यं कस्टम्सच्या ९२०२ या शीर्षकाखाली येतात. दर बदलत राहतात, म्हणून मागवण्यापूर्वी कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला तेव्हाचा दर विचारा आणि तो गिटारच्या किमतीत मिळवूनच सौदा परवडतो का ते पाहा. बिलावर खरी किंमत हवी. विमा त्या आकड्यावरच मिळतो. पाठवताना तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण काढू नयेत. ताण गेला की घोडी शंकूंवरून सरकते आणि प्रवासभर आत खडखडत बसते. गिटार साडेतीन-चार किलोंच्या घरातली, पेटी वेगळी, तेव्हा कुरियरचा खर्चही किरकोळ समजू नका.

आणि एवढा खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. कुठलीही साधी लाकडी गिटार घ्या, तिच्या नटवर बसणारा उंच नट आणा आणि तीन-चार महिने दांड्याने वाजवा. कलकत्त्याची हवाईयन गिटार मिळाली तर उत्तमच. दांडा हातात बसला आणि तरीही धातूचा आवाज डोक्यातून जात नसेल, तर मग शोध सुरू करा.

पायरी सहावी: तारा आणि सूर

धातूच्या गुंडाळीच्या तारा घ्या, नायलॉन अजिबात नको. रेझोनेटरच्या, म्हणजे अशा शंकूवाल्या गिटारच्या, उंच जी सुरासाठी ०.०१६ ते ०.०५६ इंच जाडीचा संच मिळतो, तो योग्य. साधा गिटारचा संच लावून खर्जाच्या तारा वर ओढल्या तर तुटतात, आणि तुटायच्या आधी शंकूंवर नको तेवढा भार टाकतात.

खालचा जी सूर, खर्जापासून: डी जी डी जी बी डी. पांढरी पाचला षड्ज धरला तर हे प सा प सा ग प होतं.
उंच जी सूर: जी बी डी जी बी डी, म्हणजे सरळ सा ग प सा ग प.
जुन्या हवाईयन वादनात हाच सूर एक स्वर वर, पांढरी सहाला, ए मध्येही लावत.

नवख्याने उंच जी पासून सुरुवात करावी. ए लावायचा असेल तर बारीक तारांचा संच वापरा. शंभरीकडे झुकलेल्या वाद्याला उगाच ताणायचं कशाला?

तारा बदलताना एका वेळी एकच काढा, नवी चढवा, मग दुसरी. कारण वर सांगितलंच, घोडी ताणावरच जागेवर उभी असते.

पायरी सातवी: मांडीवर घेतल्यावर

पाय जमिनीवर सपाट, गुडघे जवळ, खुर्ची बिनहातांची. मांडीवर सुती पंचा पसरा, गिटार घसरत नाही आणि मागचा मुलामाही वाचतो. जाड तार पोटाकडे येते, बारीक तार पलीकडे.

दांडा डाव्या हातात. अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंनी, तर्जनी वरून. दाबायचं नाही, दांड्याचं वजन पुरतं. दाबलात तर तार पडद्याला टेकून खट् वाजते. लाकडी गिटारवरून येणारे हमखास पडद्याच्या अलीकडे दांडा ठेवतात, कारण बोटाची सवय तशी असते. इथे दांडा बरोबर पडद्याच्या रेषेवर हवा. वरून सरळ खाली पाहा, तिरकं पाहिलंत की सूर उतरलाच म्हणून समजा.

अनामिका आणि करंगळी दांड्याच्या मागे, तारांवर नुसती टेकलेली राहू द्या. त्यांच्याशिवाय दांड्यामागचा तारेचा भागही वाजतो आणि सगळं गढूळ होतं. पहिले कित्येक दिवस फक्त याचाच सराव करावा लागला तरी करा. ट्रायकोन लपवत नाही. लाकडी गिटार जी चूक पोटात घालते ती इथे शेजाऱ्यांना ऐकू जाते.

उजव्या हाताला अंगठ्याचं प्लॅस्टिकचं पिक, तर्जनी-मध्यमेला धातूची. सतार वाजवणाऱ्यांना मिझराबची सवय असते, त्यांना हे चटकन जमतं. तळवा घोडीवरच्या टोपणावर टेकवलात तर चालेल, जाळीवर जोर देऊ नका.

सुरुवातीचा अभ्यास असा: मोकळ्या तारा, मग पाचवा पडदा, सातवा, आणि पुन्हा मोकळ्या. तेवढ्यात जी, सी आणि डी या तीन कॉर्डवर बेतलेलं कुठलंही साधं गाणं साथीला येतं. बारावा पडदा म्हणजे तार षड्ज. मग एका तारेवर सरगम, संथ, तानपुऱ्याच्या ॲपसोबत. कंप देताना मनगटातून दांडा सुराच्या दोन्ही बाजूंना सारखा हलवा, आणि सूर सापडल्यावरच हलवा. सूर चुकला म्हणून कंप देऊन झाकायची खोड लागली की ती सुटत नाही.

तिरका दांडा हा पुढचा धडा. दांड्याचं टोक घोडीच्या दिशेने एका पडद्याने पुढे नेलं की पहिल्या दोन तारांमधलं कोमल गांधाराचं अंतर शुद्ध गांधाराचं होतं. एवढ्याशा युक्तीवर हवाईयन वादनातल्या जोडस्वरांचा निम्मा गोडवा उभा आहे.

ऐकायचं काय? सोल होओपिई यांच्या १९२० च्या दशकाच्या शेवटातल्या ध्वनिमुद्रिका आधी. तिरक्या दांड्याचं आणि जलद जॅझचं काम त्यांच्याइतकं नीटस कोणाचं नाही. मग किंग बेनी नवाही. त्यानंतर ताऊ मो. त्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे: जगभर फिरलेले हे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिलं आणि तिथल्या वादकांनी त्यांच्याकडून हे वादन उचललं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी हवाईयन गिटार घराघरात नेली, पण ती विजेची. ब्रिजभूषण काबरा यांनी अमेरिकन लाकडी गिटारवर रागसंगीत उभं केलं. हे दोघेही ऐका, मात्र ट्रायकोनचा आवाज त्यांच्यात शोधू नका. तो वेगळाच आहे.

पायरी आठवी: सांभाळ

मुंबई, कोकण, गोवा इथली खारी हवा आणि आपल्या बोटांचा घाम, हे दोन शत्रू. वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ सुती कापडाने अंग, तारा आणि मान पुसा. मगच पेटीत ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या वरचेवर बदला. जुन्या पेटीचं अस्तर ओल धरून ठेवतं, म्हणून आठवड्यातून एकदा पेटी तासभर उघडी ठेवा. पोलादी गिटार असेल तर पावसाळ्यात ती पेटीत कोंडून न ठेवता खोलीतच, कोरड्या जागी ठेवलेली बरी.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, पितळ चमकवायची पेस्ट: यांपैकी काहीही या गिटारच्या जवळ आणायचं नाही. आम्लाने मुलाम्यावर डाग पडतात आणि खरखरीत पेस्ट मुलामा आणि कोरीवकाम दोन्ही खाते. दसऱ्याला वाद्यपूजेच्या उत्साहात घरातलं कोणीतरी ती लखलखीत करायला घेईल, तेव्हा आधीच बजावून ठेवा. हळदकुंकूही अंगावर नको, पेटीला वाहा. नक्षीच्या खाचांत साचलेला काळपटपणा काढू नका, त्याच्यामुळेच तर पाकळ्या उठून दिसतात.

कव्हरप्लेट उगाच उघडायची नाही. उघडावीच लागली तर टेबलावर जाड टॉवेल, योग्य मापाचा हातातला स्क्रूड्रायव्हर, विजेचा नको. आधी फोटो काढा. प्रत्येक स्क्रू कुठल्या भोकातला ते कागदावर गिटारचं चित्र काढून त्यात टोचून ठेवा, कारण जुन्या भोकांचे आटे एकेका स्क्रूला सरावलेले असतात. कोणता शंकू कुठल्या जागेचा आणि कुठल्या दिशेने बसला होता, त्याची पेन्सिलने गिटारच्या अंगाच्या आतल्या काठावर खूण करा. शंकूला धरायचं ते कडेने, सुती हातमोजे घालून. बंद करताना स्क्रू बोटांनी आत जातील तेवढे आधी फिरवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एखादा स्क्रू फिरत राहिला, पकड घेत नसेल, तर त्याच्या भोकात मोठा स्क्रू कोंबू नका. ती गिटार गावातल्या चांगल्या वाद्यदुरुस्तीवाल्याकडे न्या आणि शक्य असेल तर शेजारी बसून काम करून घ्या.